तक्रारदार: केसरीनाथ शेठ

दापोडे, ११ नोव्हेंबर २०२४

प्रितेशदादा,

फोनवर ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तुला वेगळी आठवते. म्हणून या कामाबद्दल यापुढे मी मेल लिहिणार आहे. तूही लिहूनच कळव.

वळ गावातल्या आपल्या गोदामातल्या सगळ्या तक्रारी संगणकावर नोंदल्या जाव्यात आणि दिल्लीत बसून दिसाव्यात, ही तिथल्या कंपनीची गाळे भाड्याने घेण्यापूर्वीची अट होती. ती सोय आज सुरू झाली.

हे पंधरा मिनिटांचं काम आहे असं तू म्हणाला होतास. तू पाहिलेल्या व्हिडिओत ते असेलही. ऑफिसच्या मशीनवर बिलिंगवाल्याने कधीकाळी टाकलेली जावा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. टॉमकॅट सर्व्हर तिच्यावर उभा राहायचा, पण तक्रारींचं ॲप्लिकेशन आत टाकलं की ते सुरूच व्हायचं नाही. पडद्यावर कारण दिसत नव्हतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, दिसलं. नवी जावा टाकली, ती कुठे आहे हे सर्व्हरला स्पष्ट सांगितलं, मेमरी वाढवून दिली. मशीन चालू झालं की सर्व्हर आपोआप चालू होईल असा बसवलाय. वीज गेली म्हणून कोणी माझी वाट पाहायला नको. डेटाबेस तू सांगितलास तोच, बिलिंगचा जुना, वापरला आहे. माझं मत वेगळं होतं. तेही इथे लिहून ठेवते.

एक नियम मी घातलाय. दुरुस्ती करणाऱ्याने फक्त 'काम झालं' एवढंच म्हणायचं. तक्रार बंद करायची ती ज्याने नोंदवली त्यानेच. बंद करताना पडदा एक प्रश्न विचारतो, 'जागेवर जाऊन पाहिलंत का?' हो म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उद्घाटन केसरीनाथकाकांनी केलं. एक नारळ इथे सर्व्हरपुढे, एक वळला गाळ्यातल्या संगणकापुढे. वळच्या नारळाचं पाणी कीबोर्डवर गेलं, ते तिथल्या मुकादमाने, दामूने, स्वतःच्या टॉवेलने पुसलं. पहिली नोंद शेठच्या हातचीच पाहिजे असा त्याचा हट्ट होता, म्हणून काकांचं खातं उघडून दिलं. 'मला लक्षात ठेव' या चौकटीत काकांनी खूण केली. चौकट दिसली की काका खूण करतात. मग एका बोटाने त्यांनी लिहिलं, 'श्री. सर्व ठीक.' ही तक्रार नाही, पण ती मी राहू दिली आहे.

पूर्वी


दिल्ली, १४ नोव्हेंबर २०२४

पूर्वी बाय,

एकदम झकास! कंपनीच्या लोकांना लिंक दाखवली, खूश झाले. तुझा मेल मात्र कोर्टाच्या नोटिशीसारखा असतो. मी तुझा भाऊ आहे, सरकारी खातं नाही.

दोन छोट्या गोष्टी. एक, लिंकच्या शेवटी तू 'takrar' टाकलंयस. यार, पार्टीसमोर उघडलं की पहिला शब्द तक्रार? 'seva' कर. पॉझिटिव्ह वाटतं. दोन, ॲडमिनचा पासवर्ड मला पाठव.

वीस जानेवारीला कंपनीचा माणूस वळला इन्स्पेक्शनला येणार. त्या दिवशी लिस्ट कोरी पाहिजे. नवीन गोदाम, नवीन सिस्टीम, झीरो इश्यू. तुझा तो नियम बियम ठीक आहे, पण लोड घेऊ नको. दहावी पास हमाल कॉम्प्युटरवर काय लिहिणार? शोभेला असू दे.

प्रितेश


दापोडे, १६ नोव्हेंबर २०२४

प्रितेशदादा,

पत्त्यातला शब्द तोच राहील. आत जे आहे तेच बाहेर लिहिलं आहे. दवाखान्याच्या पाटीवर 'आनंद' लिहिलं म्हणून आतली माणसं नाचायला लागत नाहीत.

ॲडमिनचा पासवर्ड मी पाकिटात घालून काकांना दिला. मशीन त्यांचं आहे, गोदामही त्यांचं. काकींनी पाकीट कपाटात ठेवलं आहे, साड्यांच्या खाली. तुला हवा असेल तर काकांकडे माग, आणि कशासाठी हवा ते त्यांना सांग.

शोभेची वस्तू म्हणून मी काही बसवत नाही. वळला दोन दुपारी बसून मी सगळ्यांना लिहायला शिकवलं. फोनवर मराठी लिहिता येतं त्यांना. इथेही तसंच लिहायचं आहे. दहावी पास असलेल्यांनीच लवकर शिकून घेतलं.

पूर्वी


दिल्ली, ९ डिसेंबर २०२४

पूर्वी,

हे काय चाललंय?

लिस्ट उघडली तर बाबांची पहिली नोंद सोडून अकरा तक्रारी, आणि अकराच्या अकरा माझ्या बापाच्या नावावर! 'तक्रारदार: केसरीनाथ शेठ.' आत बघतो तर नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी. बाबा काय विचारतायत, आणि कोणाला?

कंपनीच्या माणसाने मला मीटिंगमध्ये दाखवलं. म्हणाला, तुमचे फादर फार कन्फ्यूज्ड दिसतात. सगळे हसले. मीपण हसलो.

बाबांना फोन केला तर ते म्हणतात, मी श्री लिहिल्यापासून त्या डब्याला हातबी लावला न्हाय. म्हणजे पासवर्ड असलेलं दुसरं कोणीतरी बाबांचं खातं वापरतंय. तिथे असं कोण आहे? मला नाव घ्यायला लावू नको.

प्रितेश


दापोडे, १२ डिसेंबर २०२४

प्रितेशदादा,

नाव घे. मी तुझ्या काकाची मुलगी पूर्वी, आणि त्या तक्रारी मी लिहिलेल्या नाहीत. मला लिहायची असती तर माझं खातं आहे.

आधी प्रश्नचिन्हांबद्दल. बिलिंगचा डेटाबेस जुना, त्याला फक्त इंग्रजी अक्षरं साठवता येतात. मराठी आलं की प्रत्येक अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि मूळ अक्षर कायमचं जातं. तो जुना म्हणून मला नको होता; मराठीचं हे आत्ता कळलं, काकांचं 'श्री'ही मी साठवल्यावर उघडून पाहिलं नव्हतं. आता नवा डेटाबेस केला आहे, मराठी नीट दिसतं. पण त्या अकरा तक्रारींचा मजकूर परत मिळवता येत नव्हता, म्हणून मी वळला गेले आणि एकेकाला विचारलं, काय लिहिलं होतं.

मग काकांच्या नावाबद्दल. दामूला विचारलं, प्रत्येकाला वेगळं खातं दिलंय, मग सगळे काकांच्या खात्यातून का लिहितात? तो म्हणाला, "त्यात शेट बसलेत ना."

मी म्हटलं, "मग त्यांना बाहेर काढून आपण आत जायचं. तिथे बटण आहे. 'बाहेर पडा' लिहिलंय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाला देव्हाऱ्यातून उचलायला सांगितलं. "शेटला बाहेर पडा बोलू? मी? नारळ फोडून बसलेत ते. पूर्वीताई, तुमी शिकलेल्या, तुमाला चालतं. मना माज्या पोरांचं पोट हाय."

दापोड्याच्या ऑफिसात काकांची खुर्ची आहे. काका महिनाभर नसले तरी तिच्यावर कोणी बसत नाही. बिलांचा ढीगसुद्धा कोणी ठेवत नाही. तू लहानपणी एकदा बसला होतास, तेव्हा दिवाणजींनी तुला कानाला धरून उठवलं होतं. वळच्या संगणकाचं तेच झालंय. काकांनी 'लक्षात ठेव'ची खूण केली, मशीनने त्यांना लक्षात ठेवलं, आणि त्यांना उठवायची हिंमत कोणाला नव्हती. मग सगळ्यांनी शेठच्याच नावाने लिहिलं. दामूच्या मते त्यात अदबच आहे.

अकरापैकी सात किरकोळ होत्या. नळ, दिवा, पत्र्यातली फट, उंदीर. त्या झाल्या. तीन एकच गोष्ट दोनदा-तीनदा लिहिल्याने झालेल्या. उरली एक. ती जशी सांगितली तशी लिहिली आहे:

'माळ्यावरची माल चढवायची लिफ्ट वर जाऊन परत खाली घसरते. जाळी उघडी असली तरी चालते. मालाबरोबर माणूस जातो. एक दिवस पडेल.'

मी स्वतः पाहिली. खरं आहे. लिफ्ट बंद ठेव असं दामूला सांगितलं. तो म्हणाला, शेठच्या शब्दाशिवाय नाही. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रितेशला इच्यार, पार्टी त्याची हाय." म्हणून तुला विचारते. लिफ्ट बंद करून मिस्त्री बोलावू का?

ही तक्रार कोणी लिहिली ते मला माहीत आहे. सांगणार नाही. त्या माणसाने तसं मागितलं आहे आणि मी शब्द दिला आहे.

पूर्वी


दिल्ली, १५ डिसेंबर २०२४

पूर्वी,

लिफ्ट बंद केली तर माळा बंद. माळा बंद तर पार्टीला दाखवू काय, पत्रे? इन्स्पेक्शन होऊ दे, सही होऊ दे, मग नवीन लिफ्ट टाकू, चकाचक. इतकी वर्षं चालली ती महिनाभर चालेल. लोकांना सांग, सांभाळून चढा. झालं.

आता तू एवढंच कर. तक्रारदार म्हणून बाबांच्या जागी माझं नाव टाक, म्हणजे मीच बंद करतो. तुझा नियमपण मोडत नाही. बघ, किती सोपं.

आणि कोणी लिहिलं ते सांग. मी काय खाणार नाही त्याला. आपल्या गोदामात आपल्याविरुद्ध कोण लिहितंय हे मला कळायला नको?

एक गोष्ट बोलायची नव्हती, पण बोलतो. बाळारामकाका गेल्यावर तुला माझ्या बापाने शिकवलं. इंजिनियर केलं. आज त्याच बापाच्या नावावर तू कचरा साठवून ठेवलायस.

प्रितेश


दापोडे, १५ डिसेंबर २०२४

प्रितेशदादा,

त्यांनी शिकवलं, म्हणूनच हे नीट बसवलंय. शिकवलं नसतं तर कदाचित तू सांगितलंस तसं बसवलं असतं.

तुझं नाव टाकणार नाही. तू दिल्लीत आहेस. ती लिफ्ट तू पाहिलेली नाहीस, तिच्यातून वर गेलेला नाहीस, तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. जी तक्रार तुझी नाही ती तुझी करून तुलाच मारायला देणार नाही.

लिहिणाऱ्याचं नाव पुन्हा विचारू नकोस. आपल्याविरुद्ध कोणी लिहिलेलं नाही. लिफ्टविरुद्ध लिहिलं आहे. त्या दोन गोष्टी तुला एकच वाटतात हे मला आज कळलं.

'सांभाळून चढा' असं मी कोणालाही सांगणार नाही. सांगायचं असेल तर तू ये आणि सांग. येशील तेव्हा लिफ्टनेच माळ्यावर ये.

पूर्वी


दिल्ली, ७ जानेवारी २०२५

पूर्वी,

तीन आठवडे वाट पाहिली. अजून ती एक तक्रार तशीच आहे, लाल अक्षरात.

मी दामूशी बोललोय. उद्यापासून दापोड्याचं ते मशीन बंद राहील. वीस तारखेला सांगू, सर्व्हर मेंटेनन्समध्ये आहे. ऑफिसची किल्ली दामूकडे दे. तुला घरी आराम कर म्हणतोय, रागाने नाही. तुझ्यासाठी ठाण्यात एक चांगली कंपनी बघून ठेवतो.

बाबांना यातलं काही सांगू नको. त्यांचं बीपी तुला माहीत आहे.

प्रितेश


दापोडे, १५ जानेवारी २०२५

प्रितेशदादा,

झालं ते क्रमाने लिहिते. तुला काका आणि दामू दोघांचेही फोन येऊन गेले असतील. त्यांचं आणि माझं जुळवून पाहा.

आठ तारखेला सकाळी दामूने मशीनचा प्लग काढला. मी समोरच होते, अडवलं नाही. दुपारी दिवाणजींना बिल काढायचं होतं. बिलिंग त्याच मशीनवर. त्यांनी प्लग लावला आणि सर्व्हर आपोआप चालू झाला. नऊ आणि दहालाही तेच. तुला मशीन बंद ठेवायचं तर धंदाही बंद ठेवावा लागेल. हे तू दामूला सांगायला विसरलास. किल्ली मी दिलेली नाही. कामावर मला काकांनी ठेवलं आहे.

काकांना मी काही सांगितलं नाही. गावाने सांगितलं. सोमवारी गावातल्या रूपाच्या हळदीला सगळा गाव होता. वळच्या हमालांनी ही गोष्ट कधीच घरोघर नेली होती. मांडवात काका जेवायला बसले आणि समोरच्या पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "केसरीनाथ, आयकलं तं खरं काय? तुज्याच गोडाऊनची तूच कंप्लेन केलीस?"

दुसरा म्हणाला, "दुसऱ्याच्या तक्रारी संपल्या, आता सोताची काढलीन."

"निकाल कोन देनार मंग?"

"तोच. सरपंचबी तोच व्हता ना!"

काका हसले नाहीत. भाकरी अर्धी टाकून उठले. काल सकाळी ऑफिसात आले आणि खुर्चीवर न बसता माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"ती बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"मला येत नाही, काका. तुमच्या नावावर आहे. तुम्हालाच बंद करता येईल."

"मंग मीच करतो. बोट कुठं ठेवू?"

मी दाखवलं. पडद्यावर प्रश्न आला. काकांनी चष्मा वर करून तो वाचला. 'जागेवर जाऊन पाहिलंत का?' त्यांचं बोट हवेत राहिलं.

"हो दाबलं तं?"

"तक्रार बंद होईल."

"आनि गेलोच न्हाय तं? तिला कळंल?"

"नाही. तिला काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते ती लिहून घेईल."

मी एवढंच बोलले. आणखी एकही शब्द नाही, दादा. पुढचं मी केलं असं म्हणू नकोस. काकांनी सर्व्हरकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर अजून नारळाच्या दिवशीचं कुंकू आहे, मीही पुसलेलं नाही. मग ते म्हणाले, "नारळ फोडलाय मी हिच्यापुढं. हिला खोटं कसा सांगू? चल. वळला."

वळला माल उतरत होता. शेठ आलेले पाहून सगळे थांबले. काका सरळ लिफ्टकडे गेले. दामू मागे धावला. "शेट, तुमी कनाला जाता? मी पाठवतो ना मानसं."

तेवढ्यात खोक्यांजवळून एक बाई म्हणाली, "मानसंच जातात रोज. शेटची कंप्लेन हाय, शेटला बगू द्या की."

दामूने तिच्यावर डोळे वटारले. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रोज भरता तेवढीच भरा," म्हणाले. खोकी भरली, काका त्यांच्या मध्ये उभे राहिले. जाळी लागत नव्हती. कोणीतरी ओढून पाहिली, ती परत उघडली. दामूने बटण दाबलं.

लिफ्ट माळ्याजवळ गेली, थांबली, आणि हातभर खाली घसरली. मग अडकली. वर नाही आणि खाली नाही. उघड्या जाळीतून काकांची वहाण पडली, ती आमच्या पायाशी आली. काकांनी खोक्याची दोरी दोन्ही हातांनी धरली होती.

"दामू."

"जी शेट."

"हे रोज असंच?"

उत्तर त्या बाईनेच दिलं. "रोज न्हाय, शेट. माल जड असला की."

"कंप्लेन कोनी लिवली?"

मी शब्द दिला होता, नाव घेतलं नाही. ती बाई पुढे आली, लिफ्टच्या खाली नाही, शहाणी आहे, बाजूला उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "मी लिवली. मी काशी. तुमचं नाव आपोआप आयलं. माजं नको म्हनून मीच पूर्वीताईला सांगितलं व्हतं. आता असू दे माजं."

वरून काका म्हणाले, "बरं. पयली शिडी आना."

खाली उतरल्यावर त्यांनी वहाण घातली, लिफ्टचा मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मला वाटलं आता निघतील. ते संगणकाशी गेले. "यातून मी भायेर कसा पडू?"

मी बटण दाखवलं. दामूने डोळे मिटून घेतले. काकांनी 'बाहेर पडा' दाबलं आणि म्हणाले, "ज्याचं त्यानं आपल्या नावानं लिवायचं. मना मधी घ्यायचा न्हाय."

त्यांनी तक्रार बंद केलेली नाही. तुझ्याकडून मला काही उत्तर नको आहे. मिस्त्रीला मी काकांच्या सांगण्यावरून बोलावलं आहे.

पूर्वी


दिल्ली, २२ जानेवारी २०२५

पूर्वी,

मानलं तुला. इन्स्पेक्शन झालं, आणि ऐक, माणूस खूश! लिफ्टला कुलूप बघून मला वाटलं, गेलं काम. पण त्याने जुनी लिस्ट वाचली होती. म्हणाला, मालक स्वतः आपल्या गोदामातली तक्रार नोंदवतो आणि स्वतः लिफ्ट बंद करतो, असं मी आजवर पाहिलं नाही. मी म्हटलं, आमचे फादर तसेच आहेत, पहिल्यापासून. त्याने फोटोपण काढला बाबांचा.

परवा, चोवीसला सही. फक्त एक करायचं. काल उघडली तर तक्रारदार म्हणून काशी काहीतरी दिसतंय. परत बाबांचं नाव कर. कंपनीने तेच पाहिलंय, तेच त्यांना आवडलंय. मिस्त्रीने 'काम झालं' टाकलंय, तेव्हा बाबांकडून आज बंद करून घे. सहीच्या दिवशी लिस्ट कोरी दिसू दे.

मागचं सोड. मी तापलो होतो. नोकरी तुझीच आहे.

प्रितेश


दापोडे, २३ जानेवारी २०२५

प्रितेशदादा,

नोकरी माझी होतीच. ती तू दिलेली नव्हतीस आणि काढूनही घेतली नव्हतीस.

डिसेंबरमध्ये काकांच्या नावाची तुला लाज वाटत होती म्हणून ते पुसायचं होतं. आता ते शोभतं म्हणून परत चिकटवायचं आहे. दोन्ही वेळा मी नाही म्हणते, आणि दोन्ही वेळा कारण एकच. ती तक्रार काकांची नाही. काशीताईंनी सगळ्यांसमोर, काकांसमोर, ती आपली म्हटली. त्या दिवशीच त्यांच्यासमोर मी नाव बदललं. काकांनी पाहिलं आणि विचारलं, "आता ही बंद कोन करनार?" मी म्हटलं, "ज्यांची आहे त्या." काका म्हणाले, "मंग माजं काम संपलं."

तेव्हा काकांना सांगून काही उपयोग नाही. त्यांना ती बंद करता येत नाही. मलाही नाही. तुला तर कधीच येत नव्हती.

मिस्त्रीने 'काम झालं' म्हटलं हे खरं. काल काशीताईंनी स्वतः पाहिलं. माणूस न चढवता जड खोकी भरून लिफ्ट वर पाठवली. जाळी आता लागते. पण लिफ्ट वर थांबून पुन्हा घसरली, आधीपेक्षा कमी, पण घसरली. पडद्याने विचारलं, जागेवर जाऊन पाहिलंत का. त्या म्हणाल्या, "पायलं. म्हनूनच न्हाय." आणि तक्रार उघडी ठेवून त्या आपल्या खात्यातून बाहेर पडल्या.

चोवीस तारखेला सही आहे, हे मी त्यांना सांगितलं. तुझ्या बाजूचं जे काही होतं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "मंग पंचवीसला बगू."

यादी कोरी नाही. कंपनीला उघडून दाखव. पत्ता जुनाच आहे, शेवटी takrar.

पूर्वी